लंडनचा सर्व्हर

आमचा मुलगा गौरेश लंडनला असतो. आमच्या नार्वे गावच्या नदीत मी पाहिलेली मगर आणि माझ्या बाकीच्या साऱ्या गोष्टी त्याने वाचाव्यात, म्हणून वेबसाइट काढायची ठरवली. भाची सुविधाने दोन होस्टिंग कंपन्या दाखवल्या. एकीचा सर्व्हर मुंबईत, दुसरीचा लंडनला. मी लंडनच धरलं.

"मामा, मग इथे पान हळू उघडेल हां."

"इथे कोण वाचणार गो?"

महिनाभर रोज एकच माणूस वेबसाइट उघडत होता. पोरगा वाचतोय म्हणून मीही रोज नवी गोष्ट रचत गेलो.

 

काल जेवण वाढता वाढता बायको म्हणाली, "अहो, ती मगर आठ हात लांब होती, वेबसाइटवर वीस हात कशी झाली? आणि तुमचं ते पान उघडेपर्यंत माझं माशांचं हुमण करपतं."