ग्लास कुणी भरला?

नारळ देवळाच्या पायरीवर चौथ्या दिवशीही तसाच होता. चंद्रावती त्याच्या भोवतीनं झाडत होती आणि गाव त्याच्या भोवतीनं चालत होतं.

अट सोपी होती. गावकीचे अध्यक्ष दाजी भर सभेत म्हणाले होते, "ज्यानं त्या पोराला ग्लास भरून दिला, त्यानं देवीसमोरचा नारल उचलायचा. वर्सभर त्याच्या उंबऱ्यावर कुनी पाय ठेवनार नाय." वाळीत टाकणं कायद्यानं बंद आहे, म्हणून तो एक शब्द तेवढा त्यांनी टाळला.

पोर म्हणजे मिथुन, वय सतरा. चुलता प्रितेश याच्या घरच्या हळदीत तो प्यायला, बापाची नवी गाडी काढली आणि पहाटे नाक्यावर शकू कोळणीला उडवलं. शकूही हळदीहून परतून, टोपली घेऊन करंज्याच्या मासळी बंदराला जाणाऱ्या टेम्पोची वाट बघत उभी होती. जागीच गेली.

गावानं दोष भराभर वाटून टाकला. थोडा डीजेला, थोडा नाक्यावरच्या बंद दिव्याला, थोडा वळणाला. मिथुनचा बाप म्हणाला, किल्ली खुंटीला होती, मी कुठं हातात दिली? मग श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर शकूचा फोटो एक आणि शोकाकुलांचे अकरा. सगळ्यांत मोठा प्रितेशचा, गॉगलसकट.

शकूची मुलगी मनस्वी पनवेलच्या एका लॅबमध्ये कामाला होती. सभेत ती एवढंच बोलली, "मिथुनचं काय ते कोर्ट बघेल. मला ग्लास भरणारा हवाय. रोज समाचाराला माणसं येतात, मला जवळ घेतात. त्यांतलं ते एक कोण, हे कळल्याशिवाय मी या गावात कुणाच्या हातचं पाणी पिणार नाही. बारावं झालं की घराला कुलूप लावून जाईन."

बारावं उद्यावर आलं होतं.

साऱ्या गावाची आत्या असलेल्या चंद्रावतीनं तीस वर्षं बालवाडी चालवली होती. गावातल्या प्रत्येक पोराचं जन्माचं वजन तिला तोंडपाठ. मिथुन साडेतीन किलो, मनस्वी जेमतेम दोन. त्या हळदीतही बायकांच्या घोळक्यात बसून तिनं सगळी नोंद ठेवली होती. कोण दोनदा जेवलं, कोण कुणाशी बोललं नाही, कुणाची साडी गेल्या लग्नातलीच होती. आणि नेमकी हीच एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटावी? शकूचं दुःख होतंच, पण ही खुटखुट वेगळी होती.

तिनं चौकशी सुरू केली.

"आत्या, देवीशपथ, मी फक्त बाटल्यांचा खोका उघडला," प्रितेश म्हणाला.

मांडवात वाढायला असलेला काशीराम म्हणाला, "मी बाटली ठेवली ती मोठ्या मानसांसाठी. पोरांनी हात लावला तर मी काय करू?"

"बघत व्हतास ना?"

"बघत व्हतो. पन भरून नाय दिला."

सगळ्यांनी अर्धं अर्धं काम केलेलं आणि बेरीज कुणाच्याच नावावर नाही.

शेवटी तिनं भाकरी आणि सुकटीचा डबा बांधला आणि जामिनावर घरी आलेल्या मिथुनकडे गेली. माडीवरच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता.

"पोलिसांना बोललास, आठवत नाय. सारा गाव बोलतो, चुलत्याला वाचवतोस."

त्यानं मान हलवली. "गाडी मीच चालवली ना, आत्या? मीच मारली तिला. मग ग्लास कोनी भरला ते कशाला?"

"मनस्वी घर बंद करून चालली, म्हनून."

पोरानं उठून खोलीचं दार लोटलं. मग खालच्या आवाजात त्यानं काय ते सांगितलं.

चंद्रावतीनं पुढं एकही प्रश्न विचारला नाही. असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. डबा तिथंच ठेवून ती जिना उतरली.

संध्याकाळी गाव देवळासमोर जमलं. सुतक असल्यामुळे मनस्वी रस्त्यापलीकडे उभी राहिली. दाजींनी शेवटचं विचारलं. प्रितेश मोबाइलमध्ये बघू लागला, काशीराम आभाळात.

चंद्रावती पुढं झाली आणि तिनं नारळ उचलला.

"आत्या, ही मस्करीची येल नाय," दाजी म्हणाले.

"मस्करी नाय. मीच भरला."

मनस्वी रस्ता ओलांडून आली. "तुम्ही? त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलंत तुम्ही!"

"शिकवली."

"मग का दिलात?"

"लग्नघर व्हतं. म्हटलं, मोठा झालास, घे घोटभर."

"आणि माझी आई कुठं होती?"

"बाजूलाच." चंद्रावतीनं नारळ छातीशी धरला. "ती नको नको म्हनत व्हती. मीच ऐकलं नाय."

मनस्वीचे डोळे भरून आले. अकरा दिवसांत पहिल्यांदाच. मग तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं आणि दाजींकडे वळली. "उद्या बाराव्याला गावानं घरी जेवायला यावं. सगळ्यांनी. या आत्या सोडून. मी कुठं जात नाही."

गावानं मोकळा श्वास घेतला. सगळ्यांत आधी प्रितेश थुंकला, मग काशीराम. बालवाडीत तिच्या मांडीवर बसून वाढलेली तरणीताठी पोरं तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

घरी येऊन चंद्रावती उंबऱ्यात बसली. रोज या वेळी चार-पाच बायका हटकून यायच्या, चहा व्हायचा, सगळ्या गावाची खबर फिरायची. आज समोरून सात जणी गेल्या. तिनं मोजल्या. एकीनंही मान वळवली नाही.

माडीवर पोरानं सांगितलं होतं ते तिच्या कानात अजून तसंच होतं. "तुमी बाजूलाच व्हतात, आत्या, पन तुमचं ध्यान प्रितेशकाकाकडं व्हतं. मनस्वीला सांगू नका, पन ग्लास भरला तो शकूमावशीनं."