कुंपणापलीकडचा माणूस

यंत्रकुंपणाने सुभेदार दिनकर साळोख्यांना विचारले, "पलीकडून एक माणूस येतोय. रोखू?"

कुंपणाचे रोखणे म्हणजे गोळी. हिमनद्या वितळून डोंगरवाटा उघड्या पडल्या आणि पलीकडचे लोक येऊ लागले, तेव्हा हे कुंपण उभारले गेले होते. सीमा कडेकोटच हवी, बदलत्या हवामानाच्या नावाखाली ती सैल करणे म्हणजे देश विकणे, असे साळोखे ठामपणे म्हणत. मात्र शेवटचा हुकूम माणसाचाच असावा, हा हट्टही त्यांच्यासारख्या जुन्या जवानांनीच धरला होता.

त्यांनी दुर्बीण लावली. एक म्हातारा मेंढपाळ कुंपणापासून दहा पावलांवर, स्वतःच्याच हद्दीत थांबला होता. तो वरच्या हिमतळ्याकडे बोट दाखवी आणि मग दोन्ही हात जोराने खाली आणी.

"रोखू?" कुंपणाने पुन्हा विचारले.

"नको," म्हणत साळोखे जवानांकडे वळले. "चौकी सोडा. सगळे कड्यावर चला."

अर्ध्या तासात तळे फुटले. चौकी आणि कुंपण वाहून गेले, पण बावीसच्या बावीस जवान कड्यावर सुखरूप होते.

चौकशीत साहेबांनी विचारले, "आता सीमेबद्दल मत बदललं का, सुभेदार?"

"नाही साहेब. सीमा हवीच. पण त्या माणसाचे आभार मानायचेत, तेवढी परवानगी द्या."

परवानगी मिळाली. नव्या कुंपणापाशी साळोखे तीन दिवस वाट पाहत थांबले. चौथ्या सकाळी मेंढपाळ आला. एकमेकांची भाषा कळत नव्हती. साळोख्यांनी टाचा जुळवून त्याला कडक सलाम ठोकला. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला आणि मेंढ्या हाकत तो निघाला. तो उतारामागे दिसेनासा होईपर्यंत साळोख्यांनी हात खाली आणला नाही.