डायरेक्ट केलेलं बटण

श्रीदेवीनं विमानाच्या दांड्यावरच्या जोडीतलं फक्त डावं बटण दाबलं आणि दोन सीटांमधलं चाक गरागरा फिरलं. फिरायला नको होतं. तिनं पुन्हा दाबलं. मेलं पुन्हा फिरलं.

"सर, हे विमान मी उडवणार न्हाई."

शिवशंकर सर शेजारी पट्टा बांधत होते. कलबुर्गीच्या फ्लाइंग स्कूलमधले तिचे शिक्षक, मूळचे भालकीचे. आज तिची चाचणी होती आणि ती हुकली तर पुढची कधी, हे कुणी सांगत नव्हतं.

"चालायलंय की आता," सर म्हणाले. "काल चालंना म्हणून तूच रडत होतीस."

रडत कुठं होती? तक्रार केली होती. काल दोन्ही बटणं दाबूनही चाक हललं नव्हतं, तेव्हा सरांनीच सगळ्यांदेखत विचारलं होतं, अंगठ्यात जोर न्हाई का, घरी भाकरी थापत न्हाईस का. पोरं खो खो हसली होती. तो अपमान अजून गळ्याखाली उतरला नव्हता.

"एका रातीत बरं कसं झालं, हे तुमी तरी कामून इचारलं न्हाई?" तिचा आवाज चढला. "ह्या बटणानं विमानाचं नाक वर-खाली करायची मोटार फिरती, दुसऱ्यानं ती ह्या चाकाला जोडली जाती. हवेत एक चिकटून बसलं तर दुसरं सोडलं की सुटका, म्हणून जोडी दिलीय. आता दुसरं कुणीतरी मागनं कायमचं चालू करून ठेवलंय. हे चिकटलं तर नाक जमिनीकडं जातच ऱ्हाईल."

एकेक बटण वेगळं दाबून बघायचं सरांनी कधी शिकवलंच नव्हतं. तिनं ते पुस्तकात वाचलं होतं.

ती खाली उतरली आणि सगळ्या हँगरला ऐकू जाईल असं ओरडली, "कुणी केलंय हे? माणसं मारायची हायत का? ज्यानं केलं त्याला आजच्या आज हाकला."

तिच्यानंतर ह्याच विमानात बसणारा हरिओम गळ्यात हेडफोन अडकवून उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

पंखामागून उमाजीमामा हात पुसत पुढं आला. हा तिच्या आईचा भाऊ, इथला मेकॅनिक. पोरगी मेंढरांमागं जाणार न्हाई म्हणून हुलसूरला सगळ्या भावकीशी भांडला होता. तिला इथं आणलं, आपल्या घरी ठेवलं.

"म्या केलं," तो म्हणाला. "बोअरच्या स्टार्टरचं बटण बिघडलं की आपुन वायर डायरेक्ट करतोच की. काल तुला सगळे हसले, श्रीदेवी. मला बघवलं न्हाई."

तिचा राग निवला नाही. उलट जास्तच भडकला, कारण आता तो काढायला जागा उरली नाही. ज्याच्या जिवावर ती इथवर आली, त्यानंच तिच्या जिवाशी खेळ केला होता, आणि तोही मायेनं.

सर मात्र एकदम सैलावले. हसलेसुद्धा.

"घरचाच माणूस निघाला की. आता हाताच्या चाकानं भागवू, चाचणी उरकून घेऊ. वायर तो नंतर काढील. कुणाला कळायचं न्हाई." त्यांनी हसतच विचारलं, "की अजून हाकलायचंय? कुणाला हाकलू, सांग."

हरिओम तिच्याकडं बघत होता. मामा जमिनीकडं.

"माझ्या मामाला," श्रीदेवी म्हणाली.

मामानं गळ्यातलं ओळखपत्र काढून सरांच्या हातात दिलं आणि गेटाकडं चालायला लागला. तिथं त्यानं स्कूटर चालू केली आणि श्रीदेवी घरी जायला येईपर्यंत थांबला.