गेरूचा पंजा

"बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात असतो पोरी, मुठीत नाही," कोंडवाड्याचे काका म्हणाले.

हेमांगीने मूठ आवळली. काल पोळ्याला शेजारच्या बैलांबरोबर तिने आपल्या कुत्र्याला, बत्ताशालाही आंघोळ घातली, गेरूने रंगवला आणि बिल्ल्यासकट त्याचा पट्टा दोरीवर वाळत टाकला. तेवढ्यात हलगी कडाडली अन् स्वारी घाबरून पसार! आज सकाळी नगरपालिकेच्या गाडीने त्याला उचललं.

"बिनबिल्ल्याचा तो बेवारस. वीटभट्टीवाले राखणीला मागतायत. येतीलच आता न्यायला."

"अहो काका, मला बघून शेपूट हलवतोय की तो!"

"मला बघूनही मघापासून हलवतोय. अर्धी भाकरी खाल्ली माझी."

बत्ताशाने लगेच जाळीतून काकांचा हात चाटला. फितूर मेला!

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. हेमांगीला आता रडू फुटणार, इतक्यात बत्तासा टेम्पोवर भुंकायला वळला. त्याच्या पाठीवर, बैलांच्या अंगावर मारतात तसा, गेरूचा पंजा उमटला होता. त्याची करंगळी चांगलीच वाकडी होती, कबड्डीत मोडून तशीच जुळून आलेली.

तिने जाळीतून हात घालून आपला पंजा त्या पंज्यावर ठेवला. बोटावर बोट बसलं, करंगळीसुद्धा.

काकांनी वाकून नीट पाहिलं. मग कुलूप काढलं.

"रंग काय, आंघोळीबरोबर जाईल. आधी बिल्ला बांध, मग मिठी मार."

हेमांगीने नेमकं उलटं केलं.