कुलूप तपासताना

“मास्टर किल्ली वापर की, ऋजुता! स्वतःवर कसले प्रयोग करतेस?” तिचा नवरा निनाद ओरडला.

“किल्ली हातात ठेवून कुलूप तपासता येत नाही रे. अख्ख्या शहराच्या आठवणी आता डोक्यात नाहीत, या एकाच साठ्यात आहेत. परक्याला त्या दिसत नाहीत ना, हे परकं होऊनच बघायला हवं.” आणि तिने निनादविषयीच्या आपल्याच आठवणींवरचा हक्क बेधडक काढून टाकला.

समोर एक घामाघूम गृहस्थ उभे होते. “अहो, उभे का? बसा ना. आपण कोण?” ऋजुताने अदबीने विचारलं.

तिने आधीच लावून ठेवलेली वेळ संपली आणि हक्क आपोआप परत आला. “कुलूप पक्कं आहे!” ती आनंदाने म्हणाली आणि निनादचा चेहरा बघून थबकली. “काय झालं? काही वेडंवाकडं बोलले का मी?”

“छे गं! इतक्या वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा मला मान दिलास. अजून एकदा तपासून बघतेस का?”