अनोळखी माणसांत

पर्यावरणाच्या परीक्षेत पहिली आलेली लेक नोकरीच्या आशेनं आईबरोबर कारखानदारांच्या संमेलनाला आली आणि पालीसारखी भिंतीला चिकटली.

“चल ना घरी, आई. इथं आपल्या ओळखीचं कुणीच नाही.”

“मग बस उद्यापासून मामाच्या दुकानात! ओळखी काय आभाळातून पडतात? तुझ्या तिन्ही बहिणींची स्थळं अनोळखी माणसांत शिरूनच आणली मी. थांब, त्या कारखान्याच्या बाईंना मीच विचारते.”

“नको! तू माझं लग्नच ठरवून येशील,” म्हणत लेकच पुढे झाली. अडखळली, सावरली, आणि सांडपाण्यावर अशी बोलू लागली की बाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

आई तळहातांचा घाम पुसत भिंतीला टेकली. ती तिन्ही स्थळं खरं तर तिच्या नणंदेनं आणली होती. आई स्वतः तेव्हा दाराआड उभी होती.

पण आज लेक हलली नसती, तर आई त्या बाईंकडे गेलीच असती.