उतरणारी तार

“सगळा पियानो तुझा, सूनबाई. फक्त त्या एका खुंटीच्या वाटेला जाऊ नकोस. आणि मध्यंतरात तार चढवायची वेळ आली, तर घाई करू नकोस.”

मामंजींचं हे शेवटचं सांगणं. ती ‘बरं’ म्हणाली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

मामंजी जाऊन तीन महिने झाले. सभागृहाचा पियानो सुरात लावायचं काम आता तिच्याकडे आलं होतं. हे काम तिला मामंजींनीच शिकवलं. पोटच्या मुलापुढे त्यांनी केव्हाच हात टेकले होते. “त्याचे कान नुसते शोभेचे,” म्हणायचे.

सध्या सहा रविवारांची मालिका चालू होती. दीड-दोन शतकांपूर्वीचा एक संगीतकार, त्याचे मित्र, त्याचे प्रतिस्पर्धी, आणि त्या सगळ्यांच्या रचना वाजवणाऱ्या पियानोवादक बाई. वय सत्तरीपलीकडचं. वाजवण्याआधी त्या दोन शब्द सांगत. कोण कोणावर रुसला होता, कोणी कोणाची धून उचलून तिचं सोनं केलं. लोक गोष्टीसाठी यायचे आणि सूर घेऊन घरी जायचे.

पण आतापर्यंतच्या तिन्ही रविवारी एकच झालं. मध्यंतर जवळ आलं की वरच्या सप्तकातली एक तार उतरायची. घासात खडा यावा तसा तो स्वर खटकायचा. मग ती खुंटी पिळायची किल्ली घेऊन मंचावर जायची, मामंजी करायचे तसंच दोन मिनिटांचं काम वीस मिनिटं करायची, आणि लोक घड्याळं बघायचे.

दुखणं साधं होतं. तार जिला गुंडाळलेली असते ती खुंटी लाकडातलं भोक झिजून सैल झाली होती. जरा जाड खुंटी ठोकली की अर्ध्या तासात कायमचा निकाल. मामंजींना तर केसाएवढा फरक सोसायचा नाही. त्यांनी ही खुंटी अकरा वर्षं तशीच ठेवली, ती का? या विचाराने तिची पाठच धरली होती.

तिने सभागृहाच्या मॅनेजरला विचारून पाहिलं.

“त्यात न कळण्यासारखं काय आहे, वहिनी? त्यांना मंचावर मिरवायची हौस. एरवी सूर लावणाऱ्याकडे ढुंकून कोण बघतं? तार उतरली की तेच नवरदेव.”

तिला ते झोंबलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला.

“बाबा बाईंच्या कार्यक्रमाला कोट घालून जायचे. इस्त्री तूच करून द्यायचीस ना?”

खोटं नव्हतं. माणूस देवमाणूस असला तरी त्याला एखादी हौस असू नये, असं थोडंच आहे. तरी मनात कुठेतरी काहीतरी उणं झालं.

शुक्रवारी मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. “नवे विश्वस्त आलेत. त्यांना सूर कळत नाही, घड्याळ कळतं. या रविवारी तार उतरली तर पुढे दुसरा माणूस. लोकही बोलायला लागलेत. सासऱ्याचे कान गेले होते, सुनेला तर नव्हतेच, म्हणतात.”

शब्द मोडावा तर पाप, पाळावा तर पोटावर पाय. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. रविवारी दुपारी तिने मनोमन मामंजींची क्षमा मागितली आणि जुनी खुंटी काढून जाड ठोकली. तार चढवली. त्या स्वराची पट्टी शंभरदा जोरात वाजवून तार बसवून घेतली. स्वर तसूभर हलला नाही.

मॅनेजरने स्वतः येऊन पट्टी दाबली. “आता कसं. आज मध्यंतर छापलंय तेवढंच, दहा मिनिटं.”

दारं उघडायला अजून अवकाश होता. बाईंना ही बातमी द्यावी, म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

बाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर पसरट भांड्यात वाफाळतं पाणी, आणि त्यात मनगटापर्यंत बुडवलेले दोन्ही हात.

“ये सूनबाई. दार लोट. आणि हे बाहेर बोलू नकोस हो. सांधे धरतात. शेकले की तासभर चालतात, मग पुन्हा वीस मिनिटं शेकावे लागतात.”

“पण मध्यंतर तर दहाच मिनिटांचं.”

“जास्त मागितलं तर कारण सांगावं लागेल. कारण कळलं की पुढच्या वर्षी कोण बोलावतंय?” बाई हसल्या. “तुला वेडेपणा वाटेल, पण देवच सांभाळतो बघ मला. अकरा वर्षं झाली, माझा कार्यक्रम असला की तो बरोबर एक तार उतरवतो. एकदाही चुकला नाही.”

“मामंजींना ठाऊक होतं हे? हातांचं?”

“छे गं. मी कोणालाच सांगितलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना उगाच ताप. सगळं मध्यंतर मंचावर अडकून पडायचे, पण कधी कपाळाला आठी नाही.” पाण्यातली बोटं सावकाश उघडत होती. “आज उत्तरार्धात ती मोठी रचना आहे. आज देवाने पाठ फिरवली तर माझं अवघड आहे. बरं, तू काही सांगायला आली होतीस?”

ती दाराकडे वळली.

“नाही, बाई. पाणी पुरेसं ऊन आहे ना, एवढंच विचारायला.”

ती परत मंचावर आली. मॅनेजर पहिल्या रांगेतल्या खुर्च्या सरळ करत होता.

“आता आणखी काय राहिलं, वहिनी?”

“शेवटचा हात फिरवते.”

तार चढवली की ती जोरजोरात वाजवून नीट बसवून घ्यावी लागते, नाहीतर वाजता वाजता तासाभरात उतरते. हा सूर लावणाऱ्याचा पहिला धडा. तिने किल्ली नव्या खुंटीवर घातली, तार सैल केली, पुन्हा अचूक सुरावर आणली, आणि बसवून न घेताच किल्ली काढली.